पहिल्या पाळीच्या गोळ्या

आमचे हे भिलाईच्या स्टील प्लँटमध्ये भट्टीवर होते, तिन्ही पाळ्यांत. त्यामुळे आमच्या घरात सकाळ, दुपार, रात्र असं काही नव्हतं. पहिली पाळी, दुसरी पाळी आणि नाइट. वरण कधी शिजवायचं, पोराला कधी गप्प बसवायचं, सगळं पाळीवर. रिटायर झाल्यावर सेक्टर सहामधलं कंपनीचं क्वार्टर सोडावं लागलं आणि रुआबांध्याला आम्ही आमचं लहानसं घर बांधलं. घर बदललं, पाळ्या गेल्या नाहीत. पहाटे प्लँटचा भोंगा वाजला की हे उठून बसायचे, जसं कोणी गेटवर वाट पाहून राहिलं आहे.

दोघांना गोळ्या सुरू झाल्या तेव्हा त्यांनी गोळ्यांनाही ड्यूटी लावली. त्यांना बीपीची आणि साखरेची, मला थायरॉइडची. पहिला चहा झाला की ओट्यावर दोन स्टीलच्या वाट्या. आपापल्या वाटीतलं तळहातावर घ्यायचं आणि चहाच्या घोटाबरोबर एकदम गिळायचं.

"पूरी गँग एका टायमाले आत गेली पायजे," हे म्हणायचे. "एक आता, एक मंग, असं केलं तर काम होत नाही."

"गोळ्या हायेत त्या, तुमच्या भट्टीवरचे खलाशी नाही," मी म्हणायचे.

"तू घे. डोकं नको लावू."

मी घेतली. हे गेले तेव्हा लोकांनी घरातलं बरंच काही आवरून नेलं, पण माझी वाटी ओट्यावरच राहिली आणि तिची वेळही.

पुढे मी न्हाणीत घसरून पडले, मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरने प्लास्टर काढताना कॅल्शियमच्या मोठ्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. मग चक्कर येते म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे गेले, तो म्हणाला रक्त कमी आहे, त्याने लोहाची लाल गोळी दिली. थायरॉइडची तर होतीच. तीन डॉक्टर, तिघांची औषधं बरोबर. मी तिन्ही एकाच वाटीत टाकली. थायरॉइडवाल्याने 'खाली पेट', म्हणजे उपाशीपोटी, सांगितलं होतं आणि मी खाली पेटच घेत होते. आमच्याकडे चहाला कोणी खाणं म्हणत नाही आणि गोळ्यांनाही नाही. पोटात भाकर जायच्या आधी सगळी गँग आत. यांच्या वेळेला तेच होतं आणि ठीक होतं, तेव्हा वाटीत माझी एकच गोळी असायची. नवीन दोघी आल्यावर काही बदलायला पाहिजे, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी कोणाला विचारलं नाही.

त्यानंतर मी हळूहळू बसत गेले. हे एका दिवसात झालं असतं तर कळलं असतं. आधी अंगण झाडताना मध्येच खराटा टेकवून उभी राहायला लागले. मग केस गळायला लागले. तोंड सुजलं, आवाज घोगरा झाला, फोनवर पोराला वाटलं की बोलणारा कोणी पुरुष आहे. भर उन्हाळ्यात, भिलाईच्या उन्हात डांबर पायाला चिकटतं तेव्हा, मी शाल घेऊन बसत होते. शेजारीण राजनांदगावकडची आहे, छत्तीसगढ़ी बोलते, मला दीदी म्हणते. ती फाटकातून ओरडायची, "का होगे दीदी, तोला जाड़ लागत हे?" थंडी वाजते का म्हणून. वाजत होती. पण मला उत्तर द्यायचाही कंटाळा यायचा.

थायरॉइडच्या डॉक्टरकडे दोनदा गेले. दोन्ही वेळा रक्ताचा आकडा खराब निघाला, दोन्ही वेळा त्याने गोळी वाढवून दिली. "रोज लेती हो ना?" विचारलं. मी हो म्हटलं. खोटं नव्हतं. एकही दिवस चुकवली नव्हती.

सगळ्यात वाईट म्हणजे डोकं. दूध गॅसवर ठेवून मी विसरून जायची. पातेलं जळून काळं व्हायचं आणि वास शेजारणीला आधी यायचा, मला मागून. ओळखीच्या माणसाचं नाव ओठावर यायचं आणि तिथेच अडकून पडायचं. आता मी स्पष्ट सांगते, मला भीती वाटत होती. माझी आई शेवटी मला 'बाई, तुम्ही कोणाच्या?' असं विचारायची. मला वाटलं, आता माझा नंबर. पण कोणाला बोलले नाही. बोलून काय होणार होतं?

मग तो दिवस आला. मी भाजी घ्यायला म्हणून निघाले आणि शेअर ऑटोत बसले. कुठे उतरले, का उतरले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पाय चालत गेले. सेक्टर सहामधली ती गल्ली, सारख्या रंगाची क्वार्टरं, सारखी फाटकं. मी आमच्या जुन्या क्वार्टरचं फाटक उघडलं, शेवग्याच्या झाडाखालून सरळ गेले आणि दार ढकललं. आत एक बाई कणीक मळत होती.

मी तिला म्हटलं, "तू कौन है? मेरे घर में क्या कर रही है?"

दुसरी कोणी असती तर तिने आरडाओरडा केला असता. ती तरणी बाई, हाताला कणीक लागलेली, माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "आंटी, बैठो पहले." खुर्ची दिली, स्टीलच्या ग्लासात पाणी दिलं. माझ्या पिशवीतला फोन घेऊन पोराला लावला. तिचा नवरा मला स्कूटरवर बसवून रुआबांध्याला सोडून गेला. घरी आल्यावर शेजारणीने माझ्या हातातून काही तरी काढून घेतलं, तेव्हा कळलं, तो ग्लास मी सोबतच घेऊन आले होते.

पोरगा पुण्याला असतो, कंपनीत. दुसऱ्याच दिवशी आला. त्याच्या तोंडावरून मला समजलं की येतानाच त्याने ठरवून टाकलं आहे.

"आई, बस झालं. तू चाल माह्यासंग."

"आणि घर?"

"घर विकून टाकू. तिथं तुयासाठी एक रूम हाय. बाई लावू दिवसभर. इथं अकेली कशी सोडू तुले? उद्या गॅस चालू ठेवशीन तर?"

भांडायला जोर लागतो, तो माझ्यात नव्हता. हे घर यांच्या सगळ्या घामाचं होतं. विटा उतरवताना मी स्वतः उभी होते. पण मला वाटलं, उद्या मला हेच घर ओळखता आलं नाही, तर ते कोणाचं आहे याने काय फरक पडतो? शाल ओढून बसून राहिले. घर विकून देणारा दलाल आला, टेपने खोल्या मोजून गेला. माझ्या पायाशी टेप आली तेव्हा तो मला म्हणाला नाही, पोराला म्हणाला, "माताजी को थोड़ा उधर बिठा दो." पोराने मला बसवलं. मी बसले.

नेण्याच्या आधी एकदा डोक्याची तपासणी करून घेऊ, असं पोराच्या मनात आलं, म्हणजे पुण्याच्या डॉक्टरला कागद दाखवता येतील. त्याची ही एक गोष्ट मी विसरणार नाही. तसंच उचलून घेऊन गेला असता तर मी आज तिकडे एखाद्या खोलीत भिंतीकडे बघत बसले असते.

दवाखान्यात आधी रक्त घेतलं. उपाशीपोटी पाहिजे होतं म्हणून पहाटेची वाटी चुकली होती. मी गोळ्या एका डबीत घालून पदराच्या टोकाला बांधून आणल्या होत्या. दुपार होऊन गेली तेव्हा रक्ताचा कागद आला आणि आम्हाला आत बोलावलं. डॉक्टरीण वयाने माझ्या नातीसारखी. तिने मला वार विचारला, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. घड्याळ मी काढलं, पण काटे कुठे घालायचे ते सुचेना. पोराने मान खाली घातली.

तिने कागद बाजूला ठेवला. माझे हात हातात घेतले, गार लागले असतील. नडगी दाबून पाहिली. गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली आणि पाय कसा हळू परत येतो ते बघत राहिली. मग रक्ताचा कागद पुन्हा वाचला.

"अम्मा, थायरॉइड की गोली कैसे लेती हो?"

"मुँह से," मी म्हटलं.

पोरगा म्हणाला, "आई, प्लीज."

ती हसली. "ठीक है. मुँह से कैसे लेती हो, दिखाओ."

मला वाटलं, बरं झालं, पहाटेची वेळ निघून गेलीच होती, आता तरी घेता येतील. मी पदराची गाठ सोडली, डबी उघडली, सगळ्या तळहातावर ओतल्या. पांढरी, लाल आणि ती बारकी थायरॉइडची. म्हटलं, "चाय मंगाओ." आणि हात तोंडाकडे नेला.

तिने माझं मनगट धरलं. जे मोडलं होतं तेच. "रुको, रुको. सब एक साथ?"

"एक साथ. पहिल्या पाळीला. रोज."

"रोज?"

"वाटलं तर शेजारणीला विचार," मी मराठीत म्हटलं.

मग तिने टेबलावर तिन्ही गोळ्या मांडून मला समजावलं. ही बारकी गोळी फार नाजूक आहे. ती पोटातून रक्तात जाते तेव्हाच कामाची. कॅल्शियम आणि लोह तिला पोटातच पकडून ठेवतात. ती रक्तात जात नाही, तशीच बाहेर निघून जाते. चहासुद्धा तिला अडवतो. म्हणून आकडा खराब. म्हणून डॉक्टर गोळी वाढवत गेला, आणि वाढवलेलीही तशीच वाया गेली.

"पकडून ठेवतात म्हणजे?" मी पोराला विचारलं. "कावून? कशाले?"

पोराने तिला विचारलं. ती म्हणाली, "बस, इनका स्वभाव है. तीनों अच्छी हैं, लेकिन साथ में नहीं."

हे मला पटलं. असे लोक मी पाहिले आहेत.

पोराने तो प्रश्न विचारला जो मला विचारायचा होता. "डॉक्टर, फिर दिमाग़ का क्या? वो इसी से है?"

तिने खोटा धीर दिला नाही, म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला. ती म्हणाली, थायरॉइड एवढा कमी असला की माणूस असाच होतो, गार, सुस्त, विसरभोळा. दुसरंही काही असू शकतं. आज सांगता येणार नाही. बारकी गोळी पहाटे साध्या पाण्याबरोबर, एकटी. तासभर काही नाही, चहासुद्धा नाही. लोहाची दुपारच्या जेवणाच्या वेळेला, कॅल्शियम रात्री जेवल्यावर. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त, पुन्हा घड्याळ. तोवर अम्मांना घरातून हलवू नका. छाती धडधडली, हात थरथरले तर लगेच या, कारण ही गोळी वाढवलेली आहे आणि आता ती खरंच काम करेल.

पोराने बाहेर येऊन पुण्याला फोन केला आणि लॅपटॉपवर घरून काम करायची परवानगी घेतली. दलालाला थांबायला सांगितलं. 'नको' नाही म्हटलं, 'थांब' म्हटलं. ते मी ऐकलं.

चहाशिवाय तो पहाटेचा एक तास! मी बाळंतपणं सहन केली, पण हा तास कठीण होता. भोंगा वाजला की पोरगा उठायचा, डोळे चोळत मला एक गोळी आणि पाणी द्यायचा आणि गॅसजवळ खुर्ची टाकून बसायचा, म्हणजे मी चोरून चहा टाकू नये.

"तू झोप ना," मी म्हणायची.

"तू चहा पिशीन."

"नाही पिणार."

"मले माहीत हाय तू कशी हायेस."

शेजारीण हे सगळं खिडकीतून बघायची. एकदा म्हणाली, "दीदी, तोर बेटा ह तो तोर सास बनगे!" पोरगा माझी सासू झाला, असं. पोराला छत्तीसगढ़ी चांगली समजते, तो इथेच वाढला. तो म्हणाला, "चाची, सास होती तो दो बर्तन भी मँजवाती." पण भांडी तोच घासत होता. स्वयंपाकही तोच. त्याचा भात म्हणजे लापशी. मी महिनाभर ती लापशी मुकाट्याने खाल्ली.

फरक कधी पडला, ते मला पक्कं माहीत आहे, कारण त्या दिवशी मला राग आला. ताटात तसाच भात वाढला होता आणि मी म्हटलं, "हे काय शिजवलं? माणसासाठी हाय का गाईसाठी? पाणी मोजता येत नाही तुले, एवढा इंजिनिअर झाला?" पोरगा चमचा हातात घेऊन उभाच राहिला. किती महिन्यांनी मला राग आला होता, कोण जाणे. पोरगा म्हणाला, "आई, पुन्हा बोल." मी पुन्हा बोलले, आणि वरणाचंही सांगितलं. तो आत गेला. नाक शिंकरून परत आला, मग मीच दुसरा भात टाकला.

शाल त्याच सुमारास सुटली. आवाज मोकळा झाला. मग एका दुपारी छाती धडधडायला लागली, हातातली सुई थरथरायला लागली. पोरगा घाबरला, मी नाही घाबरले. डॉक्टरणीने सांगून ठेवलं होतं. गेलो. रक्त घेतलं. ती कागद बघून खूश झाली. म्हणाली, बघा, आता गोळी आत पोचते आहे, म्हणून जास्त होते आहे. तिने ती कमी करून दिली. पुन्हा घड्याळ काढायला लावलं. मी काटे घातले, सव्वादहाचे, आणि विचारलं, "इसमें सेकंड का भी डालूँ क्या?" ती म्हणाली, "नहीं अम्मा, बस. याददाश्त ठीक है आपकी."

ठीक आहे. एवढंच म्हणाली. मी खाली उतरून बाकावर बसले. पोराने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "पाय दुखून राहिले." पाय दुखत नव्हते.

दलाल तरी आलाच. कोणा गिऱ्हाइकाला घेऊन, न विचारता, फाटक उघडून आत. पोरगा लॅपटॉपवर होता. मी अंगणात कुरडया वाळत घालत होते. तो गिऱ्हाइकाला सांगत होता, मागची भिंत पाडून इथे एक खोली काढता येईल.

मी म्हटलं, "वो दीवार पड़ोसन की है. पहले उसको पूछ."

तो दचकला. "माताजी, आप..."

"और टेप से नाप के गया था न, नहानी नापी ही नहीं. कैसा दलाल है तू? चप्पल निकाल, कुरडई पे खड़ा है."

पलीकडून शेजारीण हसत होती. पोरगा बाहेर आला. त्याने त्या दोघांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दलालाला म्हणाला, "घर नहीं बेचना है." मी काही विचारलं नव्हतं. त्याने स्वतःहून म्हटलं.

तो पुण्याला परत जायच्या आधी मी त्याला म्हटलं, मला सेक्टर सहाला घेऊन चाल. शेजारणीच्या नवऱ्याची स्कूटर घेतली. तो स्टीलचा ग्लास माझ्याकडेच होता. रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात कुरडया उभ्या भरल्या, वर फडकं बांधलं. क्वार्टरच्या फाटकाशी त्या बाईने मला पाहिलं आणि तिचा हात कडीवरच थांबला. तिला वाटलं असणार, पुन्हा आली घर मागायला.

"घर तुम्हारा है," मी म्हटलं. "मालूम है मेरे को. ग्लास देने आई."

ती हसली, मग तिने कडी काढली. आत बसवलं. त्याच खुर्चीवर. मी तिला सांगितलं, कुरडया गरम तेलात तळायच्या आणि लगेच काढायच्या, नाही तर लाल होतात. तिचे आभार मानायचे होते. मला तसं बोलता येत नाही, चार इयत्ता शिकलेली बाई मी. एवढंच म्हटलं की त्या दिवशी तू ओरडली नाहीस, ते बरं केलंस. तिला समजलं. तिची सासूही बऱ्याच गोळ्या घेते म्हणाली. मी म्हटलं, सगळ्या एका डबीत घाल आणि डॉक्टरला दाखव, एक एक नाही, सगळ्या. आणि कशा घेते, तेही दाखवायला लाव.

तिने चहा टाकला. मी खिडकीतून शेवगा पाहिला, तो यांनी लावलेला, फार उंच गेला आहे. दाराशी निघताना मी तिला म्हटलं, पावसाआधी तो छाटून टाक, नाही तर फांदी पत्र्यावर येईल. आणि चहात आलं जास्त झालं होतं. तेही सांगितलं.